रयत, वतन आणि बखर : परकीय सत्तेच्या वाङ्मयीन वारशाचा प्रश्न

१

इव्हो आन्द्रिच ह्या बोस्नियात जन्मलेल्या लेखकाने १९२४ साली ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाला डॉक्टरेटसाठी एक प्रबंध सादर केला. तुर्की अमलाखाली बोस्नियातील आत्मिक जीवनाची वाढ कशी झाली, हा त्याचा विषय होता. चार शतकांच्या ह्या अमलाने येथील स्लाव समाजाला काहीही विधायक दिले नाही, उलट त्याची स्वाभाविक वाढ खुंटवली, असा त्या प्रबंधाचा एकूण निष्कर्ष आहे. पुढे १९४५ साली ह्याच आन्द्रिचची 'ड्रिना नदीवरील पूल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. कादंबरीच्या केंद्रस्थानी असलेला विशेग्राडचा पूल १५७७ च्या सुमारास पुरा झाला. तो बांधवून घेणारा वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच हा मूळचा ख्रिस्ती सर्ब कुटुंबातला मुलगा. तुर्की सुलतानांच्या 'देवशिर्मे' ह्या मुले गोळा करण्याच्या पद्धतीत तो आईबापांपासून तोडला गेला आणि पुढे साम्राज्याचा वजीर-ए-आझम झाला. जुलमाने तोडलेला मुलगा आपल्या मुलखात पूल बांधतो आणि त्या पुलावर तीन धर्मांची माणसे शतकानुशतके बसतात, भांडतात, गाणी म्हणतात, मरतात. प्रबंधातील निष्कर्ष ह्या कादंबरीत मावत नाही. प्रबंधकार आणि कादंबरीकार हे एकच गृहस्थ असले तरी दोघांचे म्हणणे एक नाही.

मराठीच्या अभ्यासकाला ह्या प्रसंगात एक ओळखीची खूण दिसावी. आन्द्रिचच्या प्रबंधानंतर एका वर्षाने, १९२५ साली, माधवराव पटवर्धन म्हणजे माधव जूलियन ह्यांचा 'फार्सी-मराठी कोश' प्रसिद्ध झाला. फार्सीचा हा व्यासंगी प्राध्यापक मराठीत गझल रुजवणारा कवीही होता. 'गज्जलांजली' १९३३ सालची. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३८ साली, त्यांचा 'भाषाशुद्धि-विवेक' आला. मराठीत फार्सी किती खोल मुरली आहे ह्याचा पुरावा ज्यांनी स्वतःच्या हातांनी गोळा केला, त्यांनीच त्या मुरण्याकडे दोष म्हणून पाहावे, ह्याला केवळ विसंगती म्हणून सोडून देता येणार नाही. दीर्घकाळ परधर्मीय साम्राज्यसत्तेखाली राहिलेल्या समाजाच्या वाङ्मयीन आत्मभानातलाच हा पेच आहे. प्रस्तुत लेखात ह्या पेचाची मांडणी करावयाची आहे. त्यासाठी बाल्कन प्रदेशाचा आरसा वापरला आहे, आणि तोच का वापरला ह्याचेही कारण द्यावयाचे आहे.

२

मराठी वाङ्मयेतिहासाने स्वतःला पाहण्यासाठी युरोपचा आरसा पूर्वीच उचलला होता. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेशी केली. ही तुलना फार फलदायी ठरली, पण तिने एक गोष्ट झाकून टाकली. ल्यूथरचा संघर्ष स्वधर्मातील धर्मपीठाशी होता. त्याच्या भोवतीच्या राजसत्ता ख्रिस्तीच होत्या. एकनाथांच्या पैठणावर निजामशाहीचा अंमल होता. तुकोबांच्या देहूवर प्रथम निजामशाहीचा आणि १६३६ नंतर आदिलशाहीचा अंमल राहिला. बहुसंख्य प्रजेचा धर्म एक आणि दरबाराचा दुसरा, प्रजेची बोली एक आणि दफ्तराची लेखनभाषा दुसरी, ही परिस्थिती जर्मनीची नाही. ती सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस आणि बोस्निया ह्यांची आहे. आरसा चुकीचा नव्हता, पण त्यात आपल्या चेहऱ्याची एकच बाजू दिसत होती.

दोन्ही प्रदेशांतील भेदही आरंभीच नोंदवले पाहिजेत, नाहीतर तुलनेचे रूपक होते. बाल्कनवर इस्तंबूलमधून राज्य चालत होते. दख्खनच्या सुलतानांच्या राजधान्या गुलबर्गा, बीदर, अहमदनगर, विजापूर अशा ह्याच मातीत होत्या. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा उस्मानी तुर्क राजपुत्र होता, अशी कथा फिरिश्ता सांगतो. इतिहासकार ती शंकास्पद मानतात. परंतु निजामशाहीचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घराण्यात होते असेही तोच सांगतो, आणि ही दुसरी कथा आपल्याला सोकोलोविचची आठवण करून देते. बाल्कनमध्ये जुने ख्रिस्ती सरदारवर्ग बहुतांशी नष्ट झाले किंवा धर्मांतरित झाले, आणि समाजाचे नेतृत्व ऑर्थोडॉक्स चर्चकडे गेले. महाराष्ट्रात देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हे वतनदार टिकले आणि मराठा सरदार दरबारी चाकरीत वाढले. पहिल्या इब्राहीम आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या मध्याला महसुलाचे हिशेब फार्सीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची मुभा दिली, असे फिरिश्त्याने नोंदवले आहे. तेव्हा 'परकीय सत्ता' हा शब्द दोन्हीकडे सारख्याच अर्थाने वापरता येत नाही. पण प्रजा आणि राज्य ह्यांच्यामधल्या व्यवहाराची भाषा कशी घडते, आणि त्या भाषेतून पुढे साहित्य कसे घडते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

३

ह्या प्रश्नाला आपल्याकडे मिळालेले सर्वांत प्रसिद्ध उत्तर आकड्यांचे आहे. वि. का. राजवाडे ह्यांनी वेगवेगळ्या काळांतील मराठी पत्रे घेऊन त्यांतील शब्द मोजले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे मराठी शब्दांचे प्रमाण १६२८ साली शेकडा १४.४ होते, १६७७ साली ६२.७ झाले आणि १७२८ साली ९३.७ वर पोहोचले. मध्यंतरी शिवछत्रपतींच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' रचला गेला. दहा वर्गांत सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. हा कोश आणि हे आकडे एकत्र ठेवले की राज्य आले आणि भाषा मुक्त झाली, अशी एक सरळ कथा तयार होते.

ही कथा खोटी नाही, परंतु ती ज्या मोजणीवर उभी आहे ती मोजणी फार थोडे सांगते. एक म्हणजे, शब्दांचे प्रमाण काळाप्रमाणे बदलते त्याहून अधिक ते कागदाच्या प्रकाराप्रमाणे बदलते. सनद, निवाडा, जमाखर्च, खासगी पत्र आणि अभंग एकाच वर्षी लिहिले गेले तरी त्यांतील फार्सीचे प्रमाण भिन्न असणार. म्हणून वेगळ्या जातीचे कागद एका रांगेत ठेवून काढलेली चढती रेषा भाषेचा इतिहास सांगते की नमुन्यांची निवड सांगते, हे आधी ठरवावे लागते. दुसरे म्हणजे, अधिकृत नामांतर आणि रूढ भाषा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची नावे संस्कृत झाली. सरनोबताचा सेनापती झाला, डबिराचा सुमंत, पेशव्याचा पंतप्रधान. पण पुढच्या शतकाने ज्या राजवटीला नाव दिले ती 'पेशवाई'च. त्या पेशव्यांच्या कागदांवर शेवटी 'मोर्तबसूद' लिहिले जात राहिले, आणि फडणीस, चिटणीस, सबनीस ही नावे घराघरांच्या दारांवर आडनावे म्हणून राहिली. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शब्द मोजले तरी शब्दांचे काय झाले हे कळत नाही. उसना आलेला शब्द इथे येऊन कोणाच्या बाजूने बोलू लागला, हे शेकडेवारी सांगू शकत नाही.

सर्बियातही असेच हिशेब झाले. वूक कराजिच ह्या लोकगीतांच्या संग्राहकाने १८१८ साली व्हिएन्नात सर्बियन कोश छापला, तेव्हा तुर्की शब्दांना तारांकित करून ते आत घेतले. विसाव्या शतकात अब्दुल्लाह श्कालिच ह्यांनी सर्बो-क्रोएशियनमधील तुर्की मार्गाने आलेल्या शब्दांचा कोश केला, तेव्हा त्यांची संख्या आठ हजारांवर गेली. ज्या लोकगीतांत कोसोव्होच्या रणांगणाचे आणि तुर्कविरोधी बंडाचे गौरवगान आहे, त्या गीतांची भाषाच तारांकित शब्दांनी भरलेली आहे. तारा काढून टाकला तर कोश स्वच्छ होईल, पण गीत उरणार नाही.

४

आता तीन शब्द पाहू. तिन्ही अरबी मुळाचे, तिन्ही दोन्ही प्रदेशांत गेलेले, आणि तिन्हींचे प्राक्तन वेगवेगळे.

पहिला 'रयत'. मुळातला अर्थ राखणीतला कळप, म्हणजे राजा हा राखणदार आणि प्रजा ही गुरे. उस्मानी राज्यात हाच शब्द प्रथम सर्व करदात्या प्रजेसाठी होता, पुढे तो मुख्यतः ख्रिस्ती प्रजेला लागू होऊ लागला आणि त्यात हीनत्व आले. आज बोस्नियात 'राया' म्हणजे आपली माणसे, आपल्या गल्लीतले सोबती. मराठीत 'रयत' हा शब्द शिवशाहीच्या स्मृतीशी जोडला जाऊन राजाची कसोटी ठरला. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, ह्या परंपरेने सांगितलेल्या दंडकात शब्दाचा अधिकार उलटा झाला आहे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपल्या संस्थेला 'रयत शिक्षण संस्था' हे नाव दिले, तेव्हा 'कळप' हा अर्थ कोणाच्याही मनात उरला नव्हता. सत्तेने प्रजेला दिलेला शब्द दोन्ही ठिकाणी प्रजेने आपला करून घेतला.

दुसरा 'वतन'. तुर्कीत एकोणिसाव्या शतकात ह्या शब्दाला 'मातृभूमी' हा नवा राष्ट्रीय अर्थ आला. नामिक केमाल ह्यांचे १८७३ सालचे गाजलेले नाटक ह्याच नावाचे आहे आणि त्यातील रणभूमी सिलिस्त्रा आज बल्गेरियात आहे. मराठीत वतन म्हणजे गावातला वंशपरंपरागत हक्क, मान आणि उत्पन्न. एका बाजूला शब्द देशाएवढा मोठा झाला. दुसऱ्या बाजूला तो शिवारात, गावकीत, जातीच्या उतरंडीत रुतून बसला. म्हणूनच महारवतन हा शब्द मानाचा न राहता बेडीचा झाला आणि बाबासाहेबांना त्याच्याविरुद्ध झगडावे लागले. परकीय सत्तेचा वारसा केवळ सुलतानांनी निर्माण केला नाही, देशी समाजरचनेने तो आपल्या सोयीने पोसला, हे ह्या एका शब्दावरून स्पष्ट होते. वारशाचे सगळे माप तुर्काच्या पदरात घालणारी इतिहासदृष्टी ह्या ठिकाणी आपलीच जबाबदारी झटकत असते.

तिसरा 'बखर'. हा शब्द 'खबर' ह्याच्या वर्णविपर्ययाने आला असे मत रूढ आहे, दुसरे मत त्याला 'बखैर'शी जोडते. व्युत्पत्ती कोणतीही घेतली तरी रूप दरबारी गद्याचे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले, ते ह्याच गद्यात. ज्या सत्तेला आव्हान दिल्याची कथा तो सांगतो, त्या सत्तेच्या दफ्तरात घडलेले वाक्य तो वापरतो, आणि त्यामुळे त्याचे वाक्य तोकडे, वेगवान आणि कामाचे होते. मराठीचे ऐतिहासिक गद्य विरोधाच्या भाषेत जन्मले खरे, परंतु ती भाषा विरोधकाकडूनच शिकलेली होती. आन्द्रिचने आपल्या दुसऱ्या मोठ्या कादंबरीला 'त्राव्हनिकची बखर' म्हणता येईल असेच नाव दिले आहे, ही गोष्टही येथे ध्यानात यावी.

५

'प्रभाव' ही संकल्पना येथे अपुरी पडते, हे आता दिसेल. प्रभाव म्हटला की देणारा सक्रिय आणि घेणारा निष्क्रिय ठरतो. मारिया तोदोरोव्हा ह्या बल्गेरियन विदुषीने बाल्कनच्या कल्पित प्रतिमेवरील आपल्या १९९७ सालच्या ग्रंथात आणि नंतरच्या लेखनात उस्मानी वारशाचे दोन पदर वेगळे केले आहेत. एक, प्रत्यक्षात चालू राहिलेला वारसा. दोन, पुढच्या पिढ्यांनी कल्पिलेला वारसा. पहिला हळूहळू विरत जातो, दुसरा मात्र राष्ट्रवादाच्या गरजेप्रमाणे पुन्हापुन्हा घडवला जातो. मराठीला हा भेद लावून पाहिला की एक महत्त्वाची गोष्ट उघड होते.

इव्हान वाझोव्हची 'जोखडाखाली' ही बल्गेरियन कादंबरी १८९४ साली ग्रंथरूपाने आली. तिचा विषय १८७६ चे बंड, आणि ती छापली गेली तेव्हा १८७८ पासून तुर्की अंमल व्यवहारात संपलेला होता. त्याच दशकात हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' मराठीत येत होती. तिचे नावच सांगते की मागे रात्र होती. परंतु आपटे जेव्हा विजापुरी रात्रीविषयी लिहीत होते, तेव्हा त्यांच्या डोक्यावर विजापूरचे राज्य नव्हते, इंग्रजांचे होते. वाझोव्ह गेलेल्या धन्याविषयी लिहितो. आपटे आधीच्या धन्याविषयी लिहितात आणि वाचक चालू धन्याविषयी वाचतो. म्हणजे मराठीतील 'तुर्की जोखडा'ची प्रतिमा ही अंशतः दुसऱ्याच एका जोखडाची सावली आहे. भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तीन कप्पे जेम्स मिलने १८१७ साली रूढ केले, त्या कप्प्यांतच ही सावली पडली. बाल्कनमध्ये हा तिसरा कोन असा नव्हता. ह्यामुळेच मराठीतील कल्पित वारसा बाल्कनपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि त्याची उकल करताना शंका नेहमी दोन्ही धन्यांवर घ्यावी लागते.

प्रत्यक्ष वारसा पाहावयाचा तर संतसाहित्याकडे यावे लागते. एकनाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' रचला, त्यात दोघेही एकमेकांना टोचून बोलतात आणि शेवटी मोकळे होतात. त्याहूनही अर्थपूर्ण आहेत त्यांची 'अर्जदस्त', 'अभयपत्र', 'ताकीदपत्र' ही भारुडे. तेथे कचेरीच्या कागदाचे रूप घेऊन देहाची आणि देवाची वकिली चालते. गावच्या माणसाला राज्यसत्ता भेटत होती ती कागदातून. नाथांनी तो कागदच भक्तीच्या कामाला लावला. तुकोबांच्या गाथेत 'दरवेस', 'मलंग', 'डोईफोडा' ही प्रकरणे आहेत, आणि त्यांच्या अभंगांत 'मिरास' हा शब्द भक्ताच्या हक्काच्या जागेसाठी येतो. हाच शब्द सर्बियनमध्ये 'मिराझ' होऊन हुंड्याच्या अर्थाने राहिला. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहितात तेव्हा ते कोणत्या बाजूचे, हा प्रश्नच निरर्थक होतो. रा. चिं. ढेरे ह्यांनी मुसलमान मराठी संतकवींचा जो शोध घेतला, त्याचे मोल केवळ माहितीचे नाही. 'आपण' आणि 'ते' ही वाटणी ग्रंथालयाच्या कपाटात करता येत नाही, हे त्याने सिद्ध केले.

६

हा विषय केवळ मध्ययुगापुरता असता तर त्याची निकड एवढी वाटली नसती. देहूरोडसारख्या ठिकाणी राहून मराठी शिकवताना ती निकड रोज जाणवते. हे गाव तुकोबांच्या देहूकडे उतरण्याचे रेल्वेस्थानक म्हणून नावारूपाला आले. त्याच्या एका बाजूला छावणी आणि दारूगोळ्याचे कोठार, दुसऱ्या बाजूला पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेले कारखाने. येथल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरांत 'हजेरी', 'रजा', 'बदली', 'बडतर्फी', 'तक्रार' आणि 'हक्क' हे शब्द जेवणाइतके नित्याचे आहेत. हे सर्व शब्द त्याच वाटेने आले. 'कामगार' हा तर मोठा बोधप्रद शब्द आहे. फार्सीत कामगार म्हणजे भाग्यवान, ज्याची इच्छा फळली तो. मराठीने त्यात आपले 'काम' ऐकले आणि भाग्याऐवजी श्रमाला तो शब्द दिला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. शीर्षकात एकही संस्कृत वर्ण नाही. १८८५ च्या 'इशारा'चेही तेच. शासनाशी व्यवहार करणाऱ्या, फिर्याद करणाऱ्या, नाडल्या जाणाऱ्या माणसाची मराठी ही अशी होती, आणि फुल्यांनी तीच वापरली. भाषाशुद्धीच्या चळवळीने काही उत्तम शब्द दिले हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु 'परके' म्हणून तिने ज्या थराकडे बोट दाखवले, तो थर पुष्कळदा शोषितांच्या बोलीचा होता, हे तिच्या लक्षात आले नाही. ह्याचा अर्थ फार्सी म्हणजे रयतेची आणि संस्कृत म्हणजे उच्चवर्णीयांची, असा उलटा सोवळेपणा करावयाचा नाही. बाबासाहेबांच्या पत्रांची नावे 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' अशी होती, आणि ह्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली तेव्हा पालीची तिसरीच परंपरा येथे जागी झाली. कोणत्याही शब्दाचे कूळ त्याचे चारित्र्य ठरवत नाही. तो कोणी, कोणाशी बोलताना, कशासाठी वापरला, हेच ठरवते.

देशीयतेची चर्चा आपल्याकडे गेली काही दशके चालली आहे. त्या चर्चेपुढे हा प्रश्न स्पष्टपणे ठेवावासा वाटतो. सहाशे वर्षे ह्या जमिनीवर वापरलेला शब्द देशी होण्यासाठी आणखी काय करावयाचे असते? आणि जर तो देशी असेल, तर ज्या माणसांच्या निमित्ताने तो आला त्यांना आपल्या वाङ्मयेतिहासात पाहुण्याची जागा का?

१९९३ च्या नोव्हेंबरात मोस्तारचा तुर्की काळातला पूल तोफांनी पाडला गेला. २००४ साली तो पुन्हा बांधून उघडला. पूल पाडणारे आणि पुलावरचे लोक ज्या भाषेत एकमेकांना शिव्या देत होते, त्या भाषेत तारांकित शब्द दोन्हीकडे सारखेच होते. अन्याय झाला नाही असे म्हणण्याची गरज नाही. देवशिर्म्यात गेलेले मूल आणि लुटलेले गाव ही सत्ये आहेत, आणि आन्द्रिचचा प्रबंध ती विसरू देत नाही. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला प्रबंधापाशी थांबता येत नाही, त्याला कादंबरीपर्यंत जावे लागते. राजवाड्यांच्या आकड्यांपासून नाथांच्या अर्जदस्तापर्यंतचे अंतर तेवढेच आहे, आणि आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांनी ते अजून चालून पाहिलेले नाही.